वेशीबाहेरचे पाणी : महाराष्ट्रातील लहान शहरांच्या मलनिस्सारणाचा इतिहास

महाराष्ट्रातील लहान शहरांच्या नगरपालिकांचा इतिहास सहसा नळयोजना, रस्ते, दिवाबत्ती आणि शाळा यांच्या आधारे लिहिला जातो; घराघरांतून बाहेर पडणाऱ्या घाणीचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्यात फार तर एखाद्या परिच्छेदापुरता येतो. वास्तविक नगरपालिका ही संस्था या देशात रुजली ती मोठ्या प्रमाणात याच प्रश्नामुळे, आणि तिच्या जमाखर्चात सफाई ही आरंभापासून मोठ्या बाबींपैकी एक होती. या घाणीचे दोन प्रवाह कारभारात नेहमी वेगळे धरले गेले. संडासातून निघतो तो मैला, किंवा पाण्यासह वाहत आल्यास मैलापाणी. न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि धुणेभांडी यांतून निघते ते सांडपाणी, ज्याला घरगुती बोलीत मोरीचे पाणी म्हणतात. या दोन्ही प्रवाहांचा गेल्या दीड शतकाहून अधिक काळचा मार्ग तपासला असता असे दिसते, की गावाच्या लेखी विल्हेवाट म्हणजे वेशीबाहेर नेणे एवढाच अर्थ दीर्घकाळ राहिला. वाहून नेणारे साधन बदलत गेले, डोक्यावरच्या पाटीच्या जागी गाडी आली, गाडीच्या जागी गटार आणि टँकर आले. परंतु शेवटच्या टोकाला शुद्धीकरण असावे, ही अपेक्षा कायद्यात उशिरा आणि प्रत्यक्षात त्याहूनही उशिरा उतरली.

नगरपालिकापूर्व काळात हा प्रश्न तुलनेने लहान होता, याचे मुख्य कारण पाण्याची टंचाई नसून पाणी आणण्याचे कष्ट हे होते. विहिरीतून पोहऱ्याने शेंदलेले किंवा नदीवरून कळशीने आणलेले पाणी जपून वापरले जाई, धुणे आणि आंघोळी बऱ्याच अंशी घाटावर होत, आणि मोरीतून जे थोडे पाणी बाहेर पडे ते परसातल्या केळी-अळूच्या वाफ्यात जिरे. मलविसर्जनासाठी बहुसंख्य लोक पांढरीच्या, म्हणजे वस्तीच्या, बाहेर काळीत, म्हणजे शेतजमिनीत, जात. मोठ्या वाड्यांमध्ये मागच्या अंगाला शौचकूप असत आणि ते साफ करणाऱ्यांना घरात पाऊल न टाकता काम करता यावे, अशी त्यांची दारे मागच्या बोळात उघडत. पाटी घेऊन त्या बोळातून जाणारी माणसे कोणत्या जातीची असावीत हे जन्माने ठरलेले होते. नगरपालिकांनी पुढे जी व्यवस्था उभारली, तिचा पाया या बोळातच होता.

१८५० च्या २६ व्या कायद्याने, रहिवाशांनी मागणी केल्यास, गावात नगरसुधारणेसाठी समिती नेमण्याची तरतूद झाली आणि मुंबई इलाख्यातील अनेक गावांनी पुढील दोन दशकांत तिचा लाभ घेतला. या हालचालीमागे पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, भीती होती. पंढरपूरसारख्या यात्रेच्या ठिकाणी जमणारा समुदाय गावोगावी परतताना रोगही बरोबर नेतो, हे सरकारला दिसत होते, आणि छावण्यांतील सैन्याचे आरोग्य शेजारच्या गावाच्या स्वच्छतेवर अवलंबून असते, हेही १८५९ ते १८६३ दरम्यान काम केलेल्या शाही आयोगाच्या चौकशीनंतर मान्य झाले होते. पुढे १८७३, १८८४ आणि १९०१ या वर्षांत मुंबई इलाख्यासाठी जिल्हा नगरपालिकांचे कायदे झाले. त्यांनी नगरपालिकांवर सफाईची जबाबदारी टाकली आणि तिच्यासाठी घरपट्टी किंवा जकात यांव्यतिरिक्त खास सफाईपट्टी बसवण्याचा अधिकारही दिला. मुंबई शहरात अशा कराला, मैला उचलणाऱ्या कामगारांच्या नावावरून, हलालखोर कर हेच नाव होते. करदाता पैसे मोजत होता ते मैला घरापासून दूर नेण्याबद्दल. तो पुढे कोठे जातो आणि त्याचे काय होते, याचा हिशेब त्या कराच्या पावतीत नव्हता.

या व्यवस्थेचे केंद्र म्हणजे टोपली संडास. दगडी किंवा फळ्यांच्या उंच ओट्याला मध्ये भोक, त्याखाली बांबूची टोपली किंवा पत्र्याचा डबा, आणि मागच्या भिंतीत जमिनीलगत एक लहान झडप, अशी त्याची साधी रचना असे. पहाटे किंवा सकाळी कामगार बोळातून येई, झडप उघडून डबा ओढून घेई, पत्र्याच्या तुकड्याने किंवा झाडूने उरलेला मैला खरवडी आणि पाटीत रिकामा करी. ती पाटी डोक्यावरून बोळाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बैलगाडीपर्यंत जाई, आणि लोखंडी टाकी बसवलेली ती गाडी गावाबाहेरच्या मैला डेपोपर्यंत. पावसाळ्यात पाटीतून गळणारे पाणी अंगावर ओघळे. त्यावर उपाय म्हणून झाकणाचे डबे आणि हातगाड्या द्याव्यात, ही शिफारस विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुन्हा पुन्हा करावी लागली, यावरूनच तिची अंमलबजावणी किती झाली हे कळते. काम थांबले तर गाव दोन दिवसांत घाणीने भरेल, ही जाणीव कारभाऱ्यांना पुरेपूर होती. म्हणूनच १८९० साली मुंबई इलाख्यात असा कायदा झाला, की ज्यांच्या कामाचा सार्वजनिक आरोग्याशी संबंध आहे अशा नगरपालिका नोकरांनी पूर्वसूचनेशिवाय काम सोडणे हा दंडनीय अपराध ठरावा. इतरांच्या बाबतीत जो नोकरीच्या कराराचा प्रश्न होता, तो या कामगारांच्या बाबतीत फौजदारीचा झाला.

मैला डेपोवर जे घडत असे, त्याला आजच्या परिभाषेत प्रक्रिया म्हणता येईल. सर्वांत जुनी पद्धत चरांची होती. जमिनीत उथळ आणि लांब चर खणून त्यात मैल्याचा पातळ थर पसरायचा आणि खणलेल्या मातीनेच तो झाकायचा. मातीतील सूक्ष्मजीव काही महिन्यांत त्याचे विघटन करत आणि त्या जमिनीत पुढे पीक घेता येई. चर फार खोल घेतला तर हवा न पोहोचल्याने मैला तसाच सडत राहतो, हे अनुभवाने कळल्यावर उथळ चरांवर भर देण्यात आला. दुसरी पद्धत मैला राखेत व केरात मिसळून उन्हात वाळवण्याची होती आणि त्यातून तयार होणारी कोरडी पूड खत म्हणून विकली जाई. मानवी मैल्याच्या खताला, म्हणजेच सोनखताला, शेतकऱ्यांनी आरंभी विरोध केला. परंतु मुठेच्या कालव्यावर पुण्याच्या पूर्वेला ऊस वाढू लागला आणि त्याची भूक शेणखताने भागेना, तेव्हा तो विरोध ओसरला आणि पुण्याच्या सोनखताला गिऱ्हाईक मिळाले. अनेक नगरपालिकांनी मग डेपोवरचे खत लिलावाने विकण्यास सुरुवात केली आणि सफाईच्या खर्चाचा काही भाग त्यातून वसूल होऊ लागला.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात या ओबडधोबड पद्धतीला शास्त्रीय बैठक मिळाली. अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे केलेल्या प्रयोगांतून शेतातील काडीकचरा व शेण यांचे थर रचून, ते वारंवार उलथेपालथे करून खत बनवण्याची पद्धत १९३१ साली ग्रंथरूपाने पुढे आली. नगरपालिकांना मात्र मैला मिसळलेला ढीग वारंवार उलथणे परवडणारे नव्हते. त्यावर सी. एन. आचार्य यांनी बंगळूर येथे १९३९ च्या सुमारास उपाय काढला; खड्ड्यात कचरा आणि मैला यांचे एकाआड एक थर द्यायचे, वरून माती लिंपायची आणि काही महिने ते तसेच राहू द्यायचे, अशी ती पद्धत होती. आतल्या उष्णतेने रोगजंतू आणि जंतांची अंडी बऱ्याच प्रमाणात मरत आणि वास व माश्या यांचा उपद्रव कमी होई. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अन्नटंचाई निर्माण झाल्यावर शहरी खताच्या योजनांना सरकारी उत्तेजन मिळाले आणि लहान गावांतही असे खड्डे खणले गेले. या संपूर्ण व्यवस्थेचा माणुसकीच्या बाजूने बचाव करता येत नाही. पण तिच्या टोकाशी पैसे देणारा शेतकरी उभा होता, आणि मैला वाया जाण्यात नगरपालिकेचे नुकसान होते, हे नमूद केले पाहिजे. मोरीच्या पाण्याला मात्र असे कोणी गिऱ्हाईक नव्हते. ते उघड्या गटारांतून ओढ्याला आणि ओढ्यातून नदीला जात राहिले.

पाश्चात्त्य तंत्रज्ञान या प्रांतात आले ते मोठ्या शहरांच्या वाटेने आणि कधी कधी अनपेक्षित ठिकाणी. इंग्लंडमधील एक्सेटर येथे डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९५ च्या सुमारास सेप्टिक टँक, म्हणजे बंद टाकीत हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंकरवी मैल्याचे विघटन करण्याची पद्धत, प्रचारात आणली, आणि त्यानंतर अल्पावधीतच मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात तिचा प्रयोग झाला. ज्यांच्या पुढाकाराने हे रुग्णालय १८९० साली उभे राहिले ते मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी अॅकवर्थ मराठी वाचकांना वेगळ्या कारणाने परिचित आहेत, कारण शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह त्यांनी मराठी पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला होता. या रुग्णालयातील टाकीतून निघणारा वायू गोळा करून तो इंजिन चालवण्यासाठी वापरण्यात आला आणि मैल्यापासून मिळणाऱ्या वायूच्या वापराच्या जगातील आरंभीच्या उदाहरणांत त्याची गणना होते. पुढे १९१४ साली मँचेस्टर येथे एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी सक्रिय गाळ पद्धत मांडली. मैलापाण्यात हवा खेळवत राहिल्यास हवाजीवी जिवाणूंचे पुंजके तयार होतात, ते सेंद्रिय घाण खातात आणि तळाशी बसतात. हा जिवंत गाळ पुन्हा नव्या पाण्यात मिसळला की काम कित्येक पटींनी लवकर होते. आजची बहुतेक मोठी केंद्रे याच तत्त्वावर किंवा त्याच्या सुधारित रूपांवर चालतात. परंतु या पद्धतीला भुयारी गटारांचे जाळे, त्यांतून सतत वाहणारे भरपूर पाणी, अखंड वीज आणि जाणकार माणूस या चार गोष्टी लागतात, आणि स्वातंत्र्यापूर्वीच्या लहान गावात त्यांपैकी एकही नव्हती.

तंत्राबरोबर मापेही बाहेरूनच आली. पाण्यातील घाण मोजण्याचे प्रचलित माप म्हणजे जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी. पाण्यातील सेंद्रिय द्रव्य खाताना जिवाणू ठरावीक दिवसांत किती ऑक्सिजन वापरतात, हे त्यातून कळते, आणि ही मागणी जितकी जास्त तितके नदीतील मासे व इतर जीव गुदमरण्याची शक्यता अधिक. ब्रिटनमधील मैलापाणीविषयक शाही आयोगाने १९१२ साली शुद्ध केलेल्या मैलापाण्यासाठी दर लिटरला २० मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली; मात्र तिच्यामागे असे गृहीत होते, की हे पाणी ज्या नदीत सोडायचे तिच्यात त्याच्या किमान आठपट स्वच्छ पाणी वाहत असेल. दख्खनच्या नद्यांचा स्वभाव याच्या उलट आहे. पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारी नदी फाल्गुन-चैत्रात डोहांच्या मालिकेपुरती उरते आणि वैशाखात तिच्या पात्रात जे वाहते ते पुष्कळदा वरच्या गावाचे सांडपाणीच असते. भारतात पुढे चाचणीची मुदत आणि तापमान इथल्या हवामानाला धरून बदलण्यात आले, पाच दिवस व २० अंशांऐवजी तीन दिवस व २७ अंश सेल्सिअस, आणि नदीत सोडायच्या पाण्यासाठी सर्वसाधारणपणे ३० मिलिग्रॅमची मर्यादा ठरली. पण आठपट पाण्याचे मूळ गृहीतक मात्र आटलेल्या पात्रांशी कधीच जुळले नाही.

मैला वाहणाऱ्या माणसाचा प्रश्न याच काळात सार्वजनिक चर्चेत आला आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. रत्नागिरीच्या तुरुंगात असताना गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांनी सफाईचे काम आपल्याला द्यावे, अशी मागणी केली. ते काम ठरावीक जातींच्या कैद्यांचेच, या नियमावर बोट ठेवून ती नाकारण्यात आली, तेव्हा त्यांनी अन्नत्यागाचा मार्ग धरला, आणि डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्यांच्या समर्थनार्थ उपोषण सुरू केल्यावर सरकारला विचार करणे भाग पडले. अप्पासाहेबांनी १९४८ साली कणकवली येथे गोपुरी आश्रम स्थापन केला आणि तेथे हाताने मैला उचलावा लागणार नाही, तो झाकला जाऊन त्याचे आपोआप खत होईल, अशा स्वस्त संडासांचे प्रयोग केले. जातीची सक्ती मोडायची तर केवळ मनपरिवर्तन पुरेसे नाही, संडासाची रचनाच बदलली पाहिजे, हा त्यांच्या कामाचा गाभा होता. मुंबई सरकारने १९४९ साली नेमलेल्या बर्वे समितीने सफाई कामगारांच्या राहणीची चौकशी करून १९५२ मध्ये अहवाल दिला, आणि केंद्र सरकारच्या मलकानी समितीने १९६० मध्ये डोक्यावरून मैला वाहणे बंद करण्याच्या शिफारशी केल्या. कायद्याने बंदी येण्यास मात्र १९९३ साल उजाडावे लागले, आणि २०१३ च्या कायद्याने गटारे व टाक्यांमध्ये संरक्षक साधनांविना माणूस उतरवण्यालाही त्या बंदीच्या कक्षेत आणले.

स्वातंत्र्यानंतर लहान शहरांत प्राधान्य मिळाले ते नळाला, आणि ते स्वाभाविकच होते. परंतु नळाने गावातील पाण्याचे गणितच बदलले. प्रचलित मानकानुसार भुयारी गटार नसलेल्या गावाला दर माणशी दर दिवशी ७० लिटर पाणी द्यावे आणि गटारयोजना असलेल्या शहराला १३५ लिटर. दिलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी वापरून परत बाहेर पडते. म्हणजे ३६ हजार वस्तीच्या गावाला कमी मापाने पाणी दिले तरी रोज सुमारे २० लाख लिटर सांडपाणी तयार होते. परसातल्या केळीच्या आळ्यात हे मावणे शक्य नव्हते, आणि परसही हळूहळू बांधकामाखाली गेले. राज्यात १९७६ च्या कायद्याने जे मंडळ स्थापन झाले, त्याच्या नावात पाणीपुरवठा आणि जलनिःसारण हे दोन्ही शब्द होते, आणि १९९७ साली त्याचे महाराष्ट्र जीवन प्राधिकरण असे नामांतर झाले. परंतु लहान शहरांतील त्याच्या कामाचा भर पहिल्या शब्दावर राहिला. निवडणुकीच्या राजकारणात नळ आणल्याचे श्रेय मिळते. गटाराचे श्रेय मागायला सहसा कोणी पुढे येत नाही.

तांत्रिक पर्याय नव्हता असे मात्र नाही. नागपूर येथे १९५८ साली स्थापन झालेल्या केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, जी १९७४ पासून नीरी या नावाने ओळखली जाते, भारतीय हवामानाला साजेशा स्वस्त पद्धतींवर काम केले आणि त्यांत स्थिरीकरण तळ्यांचा अभ्यास महत्त्वाचा होता. एक ते दीड मीटर खोलीच्या उथळ तळ्यात मैलापाणी काही दिवस थांबवले असता सूर्यप्रकाशात शेवाळ वाढते, शेवाळाने सोडलेल्या ऑक्सिजनवर जिवाणू घाण खातात, आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड शेवाळाच्या उपयोगी पडतो. विजेशिवाय चालणारे हे चक्र आपल्या उन्हाच्या देशात उत्तम काम करते. अडचण जमिनीची होती. अशा तळ्यांना सक्रिय गाळ पद्धतीच्या कितीतरी पट जागा लागते, आणि गावालगतच्या जमिनीचे भाव वाढू लागल्यावर एवढी जागा सांडपाण्यासाठी राखून ठेवण्याची इच्छा आणि ऐपत फार थोड्या नगरपालिकांजवळ उरली.

कायद्याच्या बाबतीत महाराष्ट्र इतर अनेक राज्यांच्या पुढे होता. केंद्राचा जलप्रदूषणविषयक कायदा १९७४ चा. महाराष्ट्राने स्वतःचा कायदा १९६९ सालीच केला आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ अस्तित्वात आणले. पण या कायद्याचा रोख मुख्यतः कारखान्यांवर राहिला. कारखान्याचे उत्पादन बंद करण्याची नोटीस देता येते. नगरपालिकेची गटारे बंद करता येत नाहीत, आणि तिला केलेला दंड शेवटी त्याच नागरिकांच्या खिशातून जातो. नद्यांसाठी १९९५ पासून राबवलेल्या राष्ट्रीय योजनेत कृष्णेवरील कऱ्हाड व सांगली, गोदावरीवरील नाशिक व नांदेड अशी मोजकी शहरे आली. त्यांच्या वरच्या अंगाला वसलेली लहान गावे बव्हंशी बाहेरच राहिली.

या पोकळीत नागरिकांनी आपापला मार्ग काढला आणि तो सेप्टिक टँकचा होता. टोपली संडास मोडून पाण्याचे संडास बांधण्यासाठी १९८० नंतर सरकारी अनुदाने मिळू लागली, आणि १९९३ च्या बंदीनंतर हा बदल वेगाने झाला. शास्त्रोक्त सेप्टिक टँकला दोन कप्पे असतात. पहिल्यात जड गाळ तळाशी बसतो व साय वर तरंगते, मधले पाणी दुसऱ्या कप्प्यातून शोषखड्ड्यात जाऊन जमिनीत मुरते, आणि साचलेला गाळ दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. प्रत्यक्षात टाकी घरबांधणीच्या गवंड्याच्या अंदाजाने बांधली गेली, कधी फार मोठी, कधी तळ न बांधलेली. देशावरच्या काळ्या चिकण मातीत शोषखड्डा पाणी शोषत नाही आणि कोकणातील सच्छिद्र जांभ्यात ते इतक्या सहज झिरपते, की शेजारच्या विहिरीला धोका पोहोचतो. परिणामी अनेक गावांत टाकीचा पाइप सरळ रस्त्याकडेच्या उघड्या गटाराला जोडला गेला, आणि पूर्वी वेगळे असलेले मैला व मोरीचे पाणी हे दोन प्रवाह तेथे एकत्र आले. टाकी भरून वाहू लागेपर्यंत उपसण्याचा विचार कोणी केला नाही. मग नगरपालिकेचा किंवा खासगी मैला टँकर बोलावला जाई आणि उपसलेला गाळ कचरा डेपोच्या कोपऱ्यात, ओढ्यात किंवा एखाद्या शेतात रिकामा होई. टँकर पोहोचत नाही अशा बोळात टाकीत माणूस उतरवला जाई, आणि टाकीत साचलेल्या हायड्रोजन सल्फाइड वायूने त्याचा जीव जाण्याच्या घटना राज्यात आणि देशात घडत राहिल्या. अशा प्रत्येक मृत्यूबद्दल दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०१४ मध्ये द्यावा लागला. मैला डोक्यावरून खाली उतरला होता. पण त्याचा शेवटचा पत्ता अद्यापही वेशीबाहेर हाच होता.

हा पत्ता बदलण्याचा सुसूत्र प्रयत्न राज्यातील ज्या दोन लहान शहरांत प्रथम झाला, ती वाई आणि सिन्नर होत. कृष्णाकाठचे घाट, ढोल्या गणपती आणि मराठी विश्वकोशाचे कार्यालय यांसाठी ओळखली जाणारी वाई २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ३६ हजार वस्तीची, तर गोंदेश्वराचे यादवकालीन मंदिर, विडी उद्योग आणि औद्योगिक वसाहत असलेले सिन्नर तिच्याहून बरेच मोठे. दोन्ही नगरपालिका एकोणिसाव्या शतकातल्या, आणि दोन्ही ठिकाणी मैल्याचा भार सेप्टिक टँकवर. २०१४ मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानात घरोघरी संडास बांधले गेले आणि त्याबरोबर टाक्यांची संख्याही वाढली; या टाक्यांतील गाळाचे काय करायचे, यासाठी केंद्राचे धोरण २०१७ साली आले. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील अभ्यासगटाच्या साहाय्याने या दोन नगरपालिकांनी २०१८ पासून ठरावीक वेळापत्रकाने टाक्या उपसण्याची पद्धत सुरू केली. तक्रार येण्याची वाट न पाहता प्रत्येक टाकी तीन वर्षांतून एकदा उपसायची, असा तिचा नियम. सहा हजार टाक्यांचे गाव धरले तर वर्षाला दोन हजार, म्हणजे कामाच्या दिवसाला सहा-सात टाक्या होतात. काम एवढे नियमित असल्याने ठेकेदाराची गाडी रिकामी राहत नाही आणि गाळ दगडासारखा घट्ट होण्यापूर्वी निघतो. दर फेरीला पैसे घेण्याऐवजी वार्षिक स्वच्छताकर आकारण्याचे ठराव झाले, जेणेकरून गरीब घराला एकदम मोठी रक्कम मोजावी लागू नये आणि खर्च टाळण्यासाठी उपसा पुढे ढकलला जाऊ नये.

उपसलेल्या गाळासाठी वाईत रोज ७० हजार लिटर क्षमतेचे मैलागाळ प्रक्रिया केंद्र उभे राहिले. तेथे प्रथम गाळातील घन आणि द्रव भाग वेगळे केले जातात. घन भाग वाळवून अत्यल्प ऑक्सिजनमध्ये इतका तापवला जातो, की त्यातील रोगजंतू पूर्णपणे नष्ट होऊन जैवकोळसा उरतो, आणि द्रव भाग वेगवेगळ्या गाळण्यांतून शुद्ध केला जातो. सिन्नरने पाठोपाठ तेवढ्याच क्षमतेचे केंद्र उभारताना यंत्रांवर कमी विसंबणारी पद्धत निवडली, जिच्यात गाळ निवळवून वाळवण वाफ्यांवर, म्हणजे वाळू-खडीच्या थरांवर, पसरला जातो आणि उन्हाने सुकतो. या वाफ्यांत आणि शंभर वर्षांपूर्वीच्या डेपोवरील वाळवणात तत्त्वाचा फरक फार नाही. फरक आहे तो निचऱ्याचे पाणी गोळा करून शुद्ध करण्यात, आणि मैल्याला माणसाचा हात न लागण्यात.

तरीही या केंद्रांच्या यशाची मर्यादा स्पष्ट आहे. मैलागाळ केंद्र टाकीतल्या गाळावर प्रक्रिया करते. मोरीच्या पाण्याला ते स्पर्शही करत नाही. वाईएवढ्या गावाच्या रोजच्या वीस लाख लिटर सांडपाण्यापुढे सत्तर हजार लिटर हे प्रमाण आकाराने लहान आहे. गाळातील घाण सांडपाण्याहून कित्येक पटींनी तीव्र असल्याने नदीच्या दृष्टीने त्याचे महत्त्व आकारापेक्षा मोठे ठरते, पण उरलेले पाणी उरतेच. त्याची दखल घेतली गेली ती २०२१ मध्ये स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात, जेव्हा एक लाखाहून कमी वस्तीच्या शहरांसाठी वापरलेल्या पाण्याचे व्यवस्थापन हा स्वतंत्र विषय झाला. तोवर भुयारी गटारांचा मोठा निधी मुख्यतः एक लाखावरील शहरांकडे जात होता. गावभर रस्ते खणून भुयारी गटारे टाकण्यापेक्षा नाले नदीला मिळण्यापूर्वी अडवून तेथेच लहान केंद्रे उभारणे, हा मार्ग लहान शहरांसाठी आता पुढे येत आहे. दरम्यान अवर्षणप्रवण भागांतील शेतकऱ्यांनी सरकारची वाट पाहिलेली नाही. नाल्यावर मोटार बसवून त्या पाण्यावर गवत आणि भाजीपाला पिकवणारे मळे अनेक शहरांच्या कडेला आहेत, आणि त्या पाण्यातील रोगजंतूंचा धोका शेतमजुरापासून भाजी खाणाऱ्यापर्यंत सर्वांच्या वाट्याला येतो.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष तंत्रज्ञानाविषयी कमी आणि जमाखर्चाविषयी अधिक आहे. सेप्टिक टँक मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोहोचली होती, उथळ तळ्यांची पद्धत नागपुरात अभ्यासली गेली होती, आणि तरीही लहान शहरात शुद्धीकरण पोहोचायला एकविसावे शतक उजाडले, कारण दूर नेण्यासाठी पैसे द्यायला गाव नेहमी तयार होते आणि शुद्ध करण्यासाठी पैसे देणारा कोणी नव्हता. जुन्या, अन्याय्य व्यवस्थेला डेपोवर खत विकत घेणारा बागायतदार तरी होता. नव्या केंद्रांना अनुदानाने इमारत मिळते, परंतु वीजबिल, चालक, दुरुस्ती आणि चाचण्या यांचा खर्च दरवर्षी नगरपालिकेच्या अंदाजपत्रकातून काढावा लागतो, आणि तो निघाला नाही की उद्घाटनाची पाटी शाबूत असताना आतली यंत्रे गंजतात. म्हणून वाई-सिन्नरच्या प्रयोगातील खरा नवा भाग यंत्रांपेक्षा करपावतीत शोधावा लागतो. एकोणिसाव्या शतकातील सफाईपट्टीने नागरिकाकडून घाण नजरेआड करण्याचे पैसे घेतले. स्वच्छताकर प्रथमच ती शुद्ध करण्याचे पैसे मागतो, म्हणजेच खालच्या गावाने प्यायच्या पाण्याची जबाबदारी वरच्या गावाच्या घरपट्टीच्या बिलात लिहितो. तो कर वर्षानुवर्षे वसूल होतो की पुढील निवडणुकीत माफ केला जातो, यावरच राज्यातील इतर लहान शहरांची केंद्रे चालणार की बंद पडणार, हे ठरेल.